गुलाबाच्या घरचं

पिंजारी सरांना फूल सरळ बघता येत नाही, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. त्यांना गुलाब द्या, झेंडू द्या, नाहीतर सत्काराच्या गुच्छातलं काहीतरी महागडं द्या, सर ते आधी उलटं करायचे. देठ वर, तोंड खाली. मग गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेलं भिंग डोळ्याला लावून फुलाची पाठ बघत राहायचे. पाहुणे ताटकळलेले, फोटोवाला खोळंबलेला, प्राचार्य दात-ओठ खातायत, आणि सरांचं आपलं चाललेलं. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तोंड सगळेच सजवतात मॅडम. घराणं पाठीमागून कळतं." हे बोलतानाही ते माझ्याकडे बघत नव्हते, फुलाकडेच बघत होते.

सर जाऊन आता दीड वर्ष होईल. जळगावच्या एकाच कॉलेजात आम्ही बावीस वर्षं शिकवलं, ते वनस्पतिशास्त्र आणि मी मराठी. शिवाय पिंप्राळ्यात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर ते भाडेकरू. म्हणजे दिवसभर कॉलेजात दिसायचे आणि संध्याकाळी जिन्यात. माझे यजमान म्हणायचे, तुला नवरा कमी आणि पिंजारी सर जास्त दिसतात. ते खरंच होतं. तरी या माणसाच्या मनात काय चाललंय हे मला इतक्या वर्षांत एकदाच नीट कळलं, आणि तेही एका पिवळ्या फुलामुळे. फूल तरी केवढं? शर्टाच्या बटणाएवढं. वाटेत दिसलं तर तुम्ही त्यावर पाय देऊन पुढे जाल.

सर मूळचे धुळ्याचे. वडिलांचं तिथे गाद्या-रजयांचं दुकान होतं. "बापाने कापूस पिंजला, मी फुलं पिंजतो. धंदा घरचाच आहे," असं ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगायचे. आमच्या इंग्रजीच्या एका सहकाऱ्याला उर्दू शेरोशायरीचं भारी वेड. पिंजारी सरांच्या घरात अस्सल उर्दू कानावर पडेल म्हणून हा गडी मुद्दाम चहाला गेला. आतून सरांच्या पत्नीचा, रजियाभाभींचा, आवाज आला, "चहामा साखर टाकू का नको टाकू, इचारा ना तेस्ले!" बिचारा बिनसाखरेचा चहा पिऊन परत आला. सरांच्या घरात सर, भाभी आणि मुलगी, तिघंही अहिराणी बोलत. वर्गात सरांचं मराठी इस्त्री केलेलं असे, पण जिना चढून वर गेले की त्यांची अहिराणी सुरू व्हायची.

गोळा केलेली झाडं वाळवायला ते वर्तमानपत्रात घालून गादीखाली ठेवायचे. गादी वडिलांच्या हातची, चांगली जाडजूड, दाबायला उत्तम. भाभी त्यावरून कायम वैतागलेल्या. "लोकेसना घरमा गादीखाले पैसा ऱ्हास, आमना घरमा गवत," असं त्या मला जिन्यातून ओरडून सांगायच्या. पण चादर बदलताना प्रत्येक कागद होता तसा ठेवायच्या, हेही मी पाहिलेलं आहे.

खेड्यापाड्यात म्हातारी माणसं लहान मुलीला एकदम नाव विचारत नाहीत. विचारतात, "कोनी पोर शे तू?" बापाचं नाव कळलं, गल्ली कळली, आजोळ कळलं, की मग पोरीचं नाव. सर झाडं याच रीतीने शिकवत. मुलाने घाईघाईने नाव सांगितलं की ते हात वर करायचे. "नाव नंतर. आधी सांग, कोणाच्या घरचं?" प्रात्यक्षिक परीक्षेत झाडाचं नाव बरोबर लिहून कूळ चुकवलं तर शून्य, आणि नाव चुकलं पण कूळ बरोबर असलं तर अर्धे गुण. यावरून पालक भांडायला यायचे. सर शांतपणे म्हणायचे, "नाव पाठ करता येतं. घर बघावं लागतं." एकदा आमच्याकडे भरताचा बेत होता. सर ताटाकडे बघून म्हणाले, "वांगं, मिरची, टोमॅटो, बटाट्याची भाजी. मॅडम, एकाच घरची सगळी मंडळी जेवायला बसलीयत." आणि वर, "तंबाखूही याच घरचा, पण तो वाया गेलेला." माझ्या यजमानांनी त्या दिवशी जेवणानंतरचा तंबाखू गुपचूप खिशात ठेवून दिला.

चुकीच्या नावाचा मात्र त्यांना मनस्वी राग. आमच्या संस्थेतल्या एका वजनदार गृहस्थांनी औषधी वनस्पतींवर एक पुस्तिका छापून घेतली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, पहिल्या पानावर स्वतःचा फोटो. त्यात गुळवेलीच्या नावाखाली भलत्याच वेलीचं चित्र छापलं गेलं. सरांनी पुस्तिका वाटायला नकार दिला. गृहस्थ हसून म्हणाले, "सर, कोण एवढं बघतंय?" सर म्हणाले, "ज्याला ताप आलाय तो बघतो." मग दोन दिवस जिन्यात बसून सर, त्यांची मुलगी सना आणि मी, आम्ही प्रत्येक प्रतीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. सना तेव्हा आठवीत होती. डिंकाने बोटं चिकटली म्हणून कुरकुर करायला लागली, तेव्हा सर तिला म्हणाले, "चुकनं नाव म्हंजे दुसराना दारमा टाकेल टपालना कागद, बेटा. ज्यानं शे, तेले तो कधीच मियत नई." त्या चिठ्ठ्यांपायी सरांची बढती दोन वर्षं लांबली, असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं. सर त्यावर कधी बोलले नाहीत.

आता ते फूल. एकदा फेब्रुवारीत विद्यार्थ्यांची सहल तापीच्या पात्रात न्यायची होती. मुली बरोबर, म्हणून एखादी बाई पाहिजे, म्हणून मी. पाणी ओसरलेलं, वाळूत डांगराचे, म्हणजे खरबुजांचे, वेल लावलेले. एका ओलसर पट्टीत सर एकदम गुडघ्यावर बसले. जमिनीलगत पसरलेलं एक रोप आणि त्यावर चिमुकलं पिवळं फूल. पाच सुट्या पाकळ्या. एक मुलगा म्हणाला, "सर, सराटा." काटे पायात मोडतात तो सराटा, त्यालाही पाच पिवळ्या पाकळ्या असतात. सरांनी फूल उलटं केलं आणि भिंग सगळ्यांच्या हातात फिरवलं. मलाही बघायला लावलं. पाकळ्यांच्या खाली पाच हिरवी टोकं, ती तर पुष्कळ फुलांना असतात. पण या फुलाला त्या पाचांच्या मधल्या फटींत आणखी पाच होती, जरा अरुंद. एकूण दहा. पान देठाला चिकटतं तिथे दोन्ही बाजूंना कानासारखे छोटे पापुद्रे. "आता सांगा, कोणाच्या घरचं?" कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, "गुलाबाच्या." मुलं हसली. मलाही हसू आलं. सरांनी नाव सांगितलं, पोटेंटिला. मुलं पुन्हा हसली, आणि त्या वर्षी सरांचं नाव पोटेंटिला सर पडलं.

डांगराच्या वाडीतली म्हातारी हा सगळा प्रकार कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय देखी राहिनात मास्तर?"

"हाई फूल, आक्का. तुमी काय म्हनतस हेले?"

"काय म्हनसूत? गवत शे ते. उपटीसन फेकी देतस."

"आक्का, गुलाबना घरनं शे हाई."

म्हातारी वाकली, फूल बघितलं, सरांना बघितलं. "मंग काटा कोठे शेत? वास कोठे शे?"

"गरीब शाखा शे, आक्का."

"आनि गुलाबले ठाव शे का, हाई तेनी बहीन शे ते?"

सर वाळूत बसून इतके हसले, की भिंग गळ्यातून निसटून खाली पडलं. सुकवलेल्या नमुन्याच्या कागदावर 'स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. त्यात त्यांनी नंतर लिहिलं, 'विचारले. नाही.' लोकांनी ज्याला नाव ठेवलं नाही, त्याला आपल्या मनाने ठेवू नये असं त्यांचं मत.

सना बारावीत असताना भाभी गेल्या. सरांनी स्वयंपाक शिकून घेतला, सनाचे डबे भरले, तिला इंजिनियर केलं. ती लग्न होऊन कॅनडाला गेली आणि पुढच्याच वर्षी सर निवृत्त झाले. हे दोन्ही इतकं लागोपाठ झालं की सरांना सावरायला वेळच मिळाला नाही. एकट्या माणसाला भाजी आणणं फार अवघड असतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. भाजीवाली पावशेराच्या खाली काटा उचलत नाही. म्हणून रोज संध्याकाळी अर्धी भेंडी, अर्धी गवार जिन्यातून माझ्या हातात यायची. मी म्हणायची, "सर, दोन दिवसांची एकदम करून फ्रिजमध्ये ठेवा ना." ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली उतरायचे. भाजी हे निमित्त होतं. मला ते कळायचं, पण माझ्याही मागे घर होतं, पेपर तपासायचे असायचे, सासूबाईंचं पथ्य असायचं. दर वेळी "बसा ना सर" म्हणणं झालं नाही. आज त्याची लाज वाटते.

रविवारी संध्याकाळी सनाचा फोन. तिकडे तेव्हा सकाळ असते. व्हिडिओवर दिसायचं म्हणून सर इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. खिडकीतून सगळं खाली ऐकू यायचं. जेवण झालं का, झालं. गोळी लिधी का, लिधी. तठे थंडी शे का, शे. झोया काय करस, खेळस. झोया म्हणजे नात, चार वर्षांची. चार-पाच मिनिटांत दोघांकडचं बोलणं संपायचं. भांडण नाही, तंटा नाही, माया तर दोन्हीकडे उतू चाललेली, पण बोलायला काही नाही. फोन संपल्यावर सर अर्धा अर्धा तास तसेच त्या इस्त्रीच्या शर्टात बसून असायचे.

आणि एका जूनमध्ये सनाने फोटो पाठवला. घरामागच्या गवतात उगवलेलं पिवळं फूल. "अब्बा, हाई कोनतं फूल शे?"

सर जिना दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. सत्तरीचा माणूस! मी ओरडलेच. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पाच पिवळ्या पाकळ्या, बाजूला पंजासारखी पाच बोटांची पानं. "काय आहे हो?" मी विचारलं. "बघावं लागेल," सर म्हणाले. पुढच्या रविवारी मी वर कान लावूनच होते. सर सांगत होते, "समोरथून नई कये, बेटा. तेले उलटं कर. मांगेथून फोटो धाड."

त्याच्या पुढच्या रविवारी पाठीचा फोटो आला. मग देठाचा मागितला. मग पान देठाला जिथे चिकटतं तिथला. मग म्हणे फळ धरेपर्यंत थांबू. सना सकाळच्या उन्हात गवतात गुडघे टेकून बसलेली असायची, झोया फूल धरायची, फोन हलायचा, फोटो पुसट यायचा, पुन्हा काढायचा. पाच मिनिटांचा फोन पाऊण तासावर गेला. आणि फुलाचं बोलता बोलता इतर गोष्टी निघायला लागल्या. नोकरीत तिच्यावरचा साहेब कसा छळतो ते तिने सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात ती रोज बाथरूममध्ये जाऊन रडायची, हे तिने इतक्या वर्षांनी सांगितलं. एकदा म्हणाली, "अब्बा, अम्मी ऱ्हाती ते हाई फूल देखीसन काय म्हनती?" सर म्हणाले, "म्हनती, गादीखाले नको ठेऊ." मग दोघं कितीतरी वेळ हसत होते. खाली मी कणीक मळता मळता डोळे पुसले.

पण माझा स्वभाव पडला चौकस. पाठीचा फोटो सरांनी मला दाखवला तेव्हाच मी मोजलं होतं. पाच टोकं, आणि मधल्या फटींत पाच अरुंद. मी म्हटलं, "सर, दहा आहेत! हे आपल्या तापीतलंच की!"

"तेच नाही," सर म्हणाले. "पान वेगळं आहे."

"मग बहीण असेल. घर तर तेच ना? पोटेंटिला?"

"मॅडम, घाई करू नका."

मी मराठीची बाई. मला जे एका भिंगात दिसलं, ते या माणसाला महिनाभर दिसू नये? मला आधी वाटलं, वयाने नजर गेली. मग वाटलं, विसरायला लागले की काय. ऑगस्टात एक दिवस भेंडी घेऊन आले, तेव्हा मी दारातच अडवलं. "सर, खरं सांगा. तुम्ही हे फूल पहिल्या दिवशीच ओळखलं होतं ना?"

सर पायरीवर बसले. भेंडीची पिशवी मांडीवर. "पहिल्याच फोटोत," ते म्हणाले. "पण नाव सांगितलं की फोन ठेवतात, मॅडम."

मला त्यांचा जो राग आला होता, काळजीपोटीचा का असेना, तो सगळा तिथल्या तिथे विरघळला. मी म्हटलं, "अहो, मग तिला सरळ सांगा ना, करमत नाही, बोलत जा."

"बापाने तसं म्हणायचं नसतं."

"का नसतं?"

"तुम्ही तुमच्या मुलाला म्हणता का?"

माझा मुलगा पुण्यात असतो. त्या दिवशी मात्र मी त्यांना चहाला थांबवून घेतलं.

सप्टेंबर लागायच्या सुमाराला एका रविवारी मी भरताची वाटी द्यायला वर गेले. फोन चालू होता, स्पीकरवर. सनाचा आवाज खुशीत होता. "अब्बा, नाव सापडनं! आठे फोनमा एक ॲप शे. फोटो दाखाडा, दोन सेकंदमा सांगी टाकं तेनी. बटरकप! तुमले उगाच तीन महिना तरास दिधा मी."

बटरकप! ते वेगळंच फूल. पिवळं, पाच पाकळ्यांचं, पुढून बघणाऱ्याला अगदी तस्सं. पण पाठीमागे पाचच टोकं आणि घराणं निराळं. सरांनी मला एकदा दोन्ही शेजारी ठेवून दाखवली होती. पहिल्या वर्षाची मुलं हमखास इथेच घसरतात, असं म्हणाले होते. मी सरांकडे बघितलं. आता हे सुरू होणार, आता हात वर होणार, हे मी इतक्या वर्षांच्या सवयीने धरूनच चालले होते. माझ्याच तोंडून "अगं सना" एवढं निघालंसुद्धा. सरांनी हात वर केला, पण माझ्याकडे. मला गप्प करायला.

"बरं शे, बेटा," ते म्हणाले. "चांगलं नाव शे."

"बरोबर शे ना, अब्बा?"

"शे."

"आते तुमी डोकं नका शिनाडू. काही अडनं ते ॲप शे मनाजोडे."

"बरं."

मग गोळी लिधी का, लिधी. जेवण झालं का, झालं. फोन बंद झाला. मी वाटी हातात तशीच धरून उभी होते. म्हटलं, "सर, गुळवेलीसाठी तुम्ही दोन दिवस चिठ्ठ्या चिकटवल्यात. आणि पोटच्या पोरीला चुकीचं नाव देऊन बसलात?"

"मॅडम, खरं सांगितलं तर ती काय विचारेल? मग तीन महिने अब्बा काय करत होते? हुशार आहे ती. एका मिनिटात तिच्या लक्षात येईल." ते इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढत राहिले. "आणि मग दर रविवारी तासभर फोन करेल. बापाला करमत नाही म्हणून. घड्याळाकडे बघत बघत. तसा फोन मला नको."

"आणि फुलाचं काय?"

"फुलाला काय फरक पडतो?"

हे वाक्य मी पिंजारी सरांच्या तोंडून ऐकलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. मी वाटी टेबलावर ठेवली आणि खाली आले. सनाचा नंबर माझ्याकडे होता. याच जिन्यावर बसून तिने माझ्याकडून मराठीच्या कविता पाठ केल्या होत्या, तिला चार शब्द सुनवायचा मला हक्क होता. 'सना, फूल उलटं करून मोज', एवढं मी लिहिलंसुद्धा. मग पुसून टाकलं. सरांनी जे जपलं होतं ते उघडं करायचा अधिकार मला नव्हता. आज लिहितेय, कारण आता ज्याला घड्याळाकडे बघत फोन करावा लागेल असं कुणी उरलेलं नाही. सनाने वाचलं तर वाचू दे. तिची काही चूक नाही. तिला नाव पाहिजे होतं, ते मिळालं.

रविवारचे फोन परत पाच मिनिटांवर आले. अर्धी भाजी येत राहिली, पण आता ती पायरीवर ठेवून सर हाक मारून निघून जायचे. दिवाळीनंतर ते धुळ्याला पुतण्याकडे राहायला गेले. गुडघे जिना चढू देत नाहीत, असं कारण सांगितलं. सामान म्हणजे काय, दोन पेट्या आणि ती गादी. सुकवलेली झाडं त्यांनी कॉलेजला आधीच देऊन टाकली होती.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला गेले, तेव्हा बसस्टँडवरून रिक्षा करून मुद्दाम त्यांच्याकडे गेले. वडिलांच्या त्या जुन्या दुकानात आता फोमच्या गाद्याही होत्या, पुतण्या मोबाइलवर कुणाशी तरी भाव करत होता. सर बाजूला खुर्चीवर. फार वाळले होते, आणि ऐकू कमी येत होतं. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. भिंग गळ्यात नव्हतं. पाठीमागच्या भिंतीवर, चौकटीत घातलेलं एक चित्र होतं. झोयाने काढून टपालाने पाठवलेलं. हिरवं गवत, त्यात एक मोठं पिवळं फूल, आणि खाली वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत नाव. मला लांबूनच वाचता आलं.

लेकीच्या लग्नासाठी गादी घ्यायला आलेली एक बाई ते चित्र बघत होती. सर तिला म्हणाले, "मन्ही नातनी काढेल शे. कॅनडामा ऱ्हास."

"लई गोड शे. कोनतं फूल शे, बाबा?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात शिकवताना असायचा तसाच खणखणीत आवाज काढून म्हणाले, "बटरकप."

बाई माझ्याकडे वळून कौतुकाने हसली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "छान काढलंय बटरकप."

सरांनी मान डोलावली. मग चहा झाला, तब्येतीचं झालं, कॉलेजातल्या कुणाकुणाचं झालं. रविवारचा फोन येतो का, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी निघाले तेव्हा ते दुकानाच्या पायरीपर्यंत आले. रिक्षा वळेपर्यंत मला मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता. ती गादीवाली बाई अजून तिथेच होती आणि सर तिला समजावून सांगत होते, "तिकडलं फूल शे ते. आपलाकडे नई व्हत."